काकूच्या हातचं

डॉ. कृत्तिका चौगुलेला तिचा पहिला पेपर सापडला तो जेवणाच्या ताटात.

त्या वर्षी ती मिरजेला त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर होती आणि तिथल्या सगळ्याच निवासी डॉक्टरांसारखी पेपरासाठी, म्हणजे छापून येणाऱ्या शोधनिबंधासाठी, वखवखलेली होती. मेडिकल कॉलेजात लग्नावाचून कुणाचं अडत नाही, पेपरावाचून अडतं. विभागप्रमुख डॉ. बेडकिहाळ तर सकाळी भेटल्यावर 'बरी आहेस का' असं विचारतच नसत. 'काही पाठवलंस का कुठे?' एवढंच विचारत. मग सगळी मंडळी एखाद्या दुर्मीळ केससाठी ओपीडीत डोळ्यांत तेल घालून बसायची आणि दुपारी सुलोचना मगदूम यांच्या मेसमध्ये जेवायला जायची. काकूंची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. वाफेने टम्म फुगलेली भाकरी त्या नुसत्या बोटांनी उचलायच्या. पोरं कौतुकाने म्हणायची, काकूंच्या हाताला सवय झाली आहे. कृत्तिकाही म्हणायची. एका दुपारी तिच्या ताटात भाकरी टाकणाऱ्या बोटावर तिला पाण्याने भरलेला ताजा फोड दिसला. तिने विचारलं तर काकूंना त्याचा पत्ताच नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ज्या आजाराचे पेशंट शोधत ती विभागाच्या शिबिरांतून तालुके पालथे घालत होती, त्या आजाराच्या हातचं ती वर्षभर जेवत होती. जेवणं उरकल्यावर तिने काकूंना डोळे मिटायला सांगितले आणि हाताच्या पाठीवरच्या फिकट चट्ट्याला पेनचं टोक लावलं. काकू डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. त्यांना वाटलं, अजून सुरुवातच व्हायची आहे. कोपराच्या आतल्या बाजूची नस हाताला जाड लागत होती. कृत्तिकाने उठून मेसचं दार लावून घेतलं आणि मग कुष्ठरोग हा शब्द उच्चारला.

हा जंतू मोठा संथ. शरीरात शिरला तरी वर्षानुवर्षं चाहूल लागू देत नाही, आणि बहुतेकांना तर तो काहीच करत नाही. ज्यांना करतो त्यांच्या कातडीतल्या नसा तो आधी गाठतो. म्हणून चट्टा दुखत नाही, खाजत नाही, आणि माणूस बेफिकीर राहतो. औषधं सुरू केली की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही. नस नुकतीच आजारी पडली असेल तर ती जागीही होते. काकूंची झाली. गोळ्या संपत आल्या असताना एक दिवस त्यांचं बोट तव्याला लागलं आणि त्या 'आई गं' म्हणून ओरडल्या. कृत्तिका ताट टाकून आत धावली. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि हसता हसता काकूंना रडू आलं.

पेपरासाठी फोटो हवा होता. त्वचारोगवाल्यांची जुनी रीत अशी की चेहरा आला तर डोळ्यांवर काळी पट्टी मारायची. हातांना ती मारायचं कारण नसतं. कृत्तिकाने हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर हात पालथे ठेवायला सांगितले.

"नाव न्हाई आणि तोंड न्हाई?" काकूंनी पुन्हा एकदा विचारलं.

"नाही काकू. फक्त हात."

"मग काढ. हातावरनं कोण वळखतंय मला? मेसमध्ये कळलं तर पोरं जेवायची न्हाईत, आणि घरात कळलं तर माझं ताट वेगळं मांडतील. तेवढं सांभाळ."

कृत्तिकाने शब्द दिला आणि तो मनापासून दिला होता. 'स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या बोटांवरील वेदनारहित भाजल्याच्या जखमा' हा तिचा पहिला पेपर छापून आला. बेडकिहाळ सरांनी विभागात पेढे वाटले, आणि त्यातला एक पेढा काकूंनाही गेला.

दुसऱ्या पेपराने तिचं नाव झालं. गावोगावच्या आरोग्यसेविका पेशंटच्या चट्ट्यांचे फोटो मोबाइलवर काढून पाठवत. पण कुष्ठरोग म्हटला की खरं नाव कोण सांगतो? आज एक नाव, पुढच्या खेपेला दुसरंच. फोटोंचा ढीग साचायचा आणि कुठला चट्टा कुणाचा, तो वाढतोय की मिटतोय, हे काही कळायचं नाही. तेव्हा पुण्याचा एक इंजिनिअर, इम्रान मुजावर, तिला एका परिषदेत भेटला. तो म्हणाला, नाव कशाला विचारता? कातडीलाच विचारू.

बोटांच्या टोकांवरचे ठसे सगळ्यांना माहीत असतात. पण हाताच्या पाठीवरही बारीक रेघांचं जाळं असतं. भिंगाखाली बघितलं तर त्यात त्रिकोण आणि चौकटी दिसतात. त्या रेघा कुठे एकमेकींना मिळतात, कुठल्या चौकटीत केसाचं छिद्र आहे, कुठे तीळ आहे, हे दोन माणसांचं सारखं नसतं. चट्टा येतो, जातो, रंग बदलतो, वय होतं. जाळं मात्र बहुतेक तसंच राहतं. इम्रानने यंत्राला ते जाळं वाचायला शिकवलं आणि कृत्तिकाने त्याला आपले सगळे फोटो दिले. त्या यंत्राचं नाव त्यांनी 'मागोवा' ठेवलं. आता पेशंटने नाव सांगायचीही गरज नव्हती. दोन जिल्ह्यांत मागोवा सुरू झालं आणि ज्यांची बोटं हमखास वाकडी झाली असती, अशी कितीतरी माणसं वेळेवर सापडली. जर्नलच्या नियमाप्रमाणे त्यांनी सगळं जगाला खुलं केलं, कुणीही घ्यावं आणि वापरावं. पेपराच्या शेवटी आपल्या पद्धतीच्या मर्यादा लिहायच्या असतात. तिथे कृत्तिकाने एकच वाक्य लिहिलं होतं: खोल भाजल्याचा व्रण असेल तर ओळख पटत नाही.

पेशंटचं नाव लपावं म्हणून त्यांनी कातडीलाच नाव करून ठेवलं होतं. हे त्या दोघांच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्याही आलं नाही.

खुली ठेवलेली वस्तू लोक उचलणारच. आधी तिकिटाच्या खिडकीवर हाताची पाठ दाखवली की पैसे कापले जाऊ लागले. मग हरवलेली माणसं शोधायला ही पद्धत वापरली गेली आणि सगळ्यांनी वाहवा केली. मग घरगुती स्वयंपाक विकणाऱ्या बायकांचं 'चूलघर' नावाचं ॲप निघालं, त्यात काकू होत्या. मेस गुडघ्यांनी बंद पाडली होती आणि काका वारले होते. मुलगा अभिनंदन आणि सून सुप्रिया पुण्याहून मिरजेला परत आले होते. सुनेनेच सासूला हौसेने व्हिडिओ करायला शिकवलं. काकूंना कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून व्हिडिओत नुसते हात दिसायचे. हात कणीक तिंबायचे, हात भाकरी थापायचे. पानाचं नाव होतं 'काकूच्या हातचं'. लोकांना ते हात इतके आवडायचे की पाककृती राहू दे बाजूला, नुसतं थापणं बघायला माणसं यायची.

स्वयंपाकाला बसण्यापूर्वी हात ॲपला दाखवायचा, असा चूलघरचा नियम होता. जखम नाही ना, नायटा नाही ना, हे यंत्र बघणार. काळजी चांगलीच होती. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नुसते आजचे हात बघून काय उपयोग? जगात खुले पडलेले आजाराचे फोटोही त्याच्याशी ताडून बघावेत. मागोवा फुकट होतं आणि वैद्यकीय जर्नलंही खुली होती. यंत्राने ताडून बघितलं.

काकू ओपीडीत आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते. कृत्तिका आता त्याच विभागात शिकवत होती, हंगामी का होईना. कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती. काकू बसल्या नाहीत. फोन तेवढा तिच्यापुढे धरला.

'काकूच्या हातचं' या पानाच्या माथ्यावर लाल पट्टी होती. 'या हातांशी जुळणारे संसर्गजन्य त्वचारोगाचे चित्र आढळले.' खाली दोन फोटो शेजारी शेजारी होते. एकात पिठाने भरलेले हात, दुसऱ्यात हिरव्या कापडावर पालथे ठेवलेले. त्याखाली पेपराचं नाव होतं, आणि त्याखाली पहिल्या लेखिकेचं.

तो फोटो कृत्तिकाने इतक्या परिषदांत पडद्यावर दाखवला होता की तो काकूंचा आहे, हेच ती विसरून गेली होती.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात एकेक सांगत गेल्या. नेहमीची गिऱ्हाइकं गेली, ते एक असो. सुप्रियाचे दिवस भरत आले होते. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. काकूंनी जुन्या सुती साड्यांची धुपटी शिवून ठेवली होती, तेल कढवून ठेवलं होतं. काल सुनेने फार गोड बोलून सांगितलं, आई, तुमची दगदग नको, बाळाला न्हाऊ घालायला मी एक बाई बघितली आहे.

"बाई लावलीया म्हणं," काकू म्हणाल्या. "माझ्या नातवंडाला परकी बाई तेल लावणार, आणि मी दारातनं बघायचं."

चूलघरकडे कृत्तिकाने लगेच तक्रार केली. उत्तर तत्परतेने आलं. यंत्रच ते, तत्परतेत कशाला मागे राहील? पेशंटचं म्हणणं ग्राह्य नाही, पेपराच्या लेखिकेने खुलासा करावा. पर्याय दोन होते. फोटोतली व्यक्ती हीच असून ती पूर्ण बरी झाली आहे, किंवा फोटोतली व्यक्ती ही नव्हे.

पहिला पर्याय खरा होता. कृत्तिकाने तो काकूंना वाचून दाखवला. वर समजावलं, बरी झाली म्हणून डॉक्टरच लिहून देतेय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

"बरी झाली म्हटलं की झाली होती, हे आलंच की," काकू म्हणाल्या. "तसं नको लिहू. हे हात माझे न्हवंत असं लिही."

"काकू, यंत्र चुकलेलं नाही."

"मग ते कधी विसरतंय?"

आता डॉक्टर मंडळींना एक खोड असते. पेशंटने विचारलं की खरं आणि सगळं सांगायचं. विशेषतः स्वतःच्या पेपरातलं असेल तर अंमळ जास्तच. कृत्तिकाने काकूंचा हात हातात घेतला आणि पाठीवरच्या रेघा दाखवल्या. हे जाळं यंत्र वाचतं, ते विसरत नाही, म्हातारपणानेही फारसं बदलत नाही. खोल भाजून व्रण पडला तरच पुसतं. काकूंनी स्वतःच्या हाताकडे नवलाने बघितलं. मला थोडे दिवस द्या, काहीतरी करते, असं कृत्तिका म्हणाली. काकूंनी मान डोलावली आणि हात पुन्हा पदरात घेतले.

ते थोडे दिवस तिने कसे घालवले, हे सांगायलाच हवं.

बेडकिहाळ सरांचं म्हणणं होतं की खरं तेच लिहावं. कुष्ठरोगाचा कलंक लपवून जात नाही, कुणीतरी उजळ माथ्याने समोर यायला हवं, हे ते तीस वर्षं सांगत आले होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

"कुणीतरी म्हणजे काकूंनीच का, सर?" कृत्तिकाने विचारलं.

सरांनी चष्मा पुसला आणि मुलाखतीची तारीख कळली का, असं विचारलं.

इम्रानला तिने फोनवर सांगितलं, ही ती व्यक्ती नव्हे असं लिहून देते म्हणून. तो म्हणाला, तू लिहून दिलंस की मागोवा चुकतं, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या लेखिकेनेच मान्य केलंय म्हटल्यावर आरोग्य खातं दुसऱ्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतलं काम थांबवेल. पुन्हा तेच फोटोंचे ढीग होतील.

"एका बाईचे हात वाचवायला किती जणांचे हात घालवणार आहेस?" तो म्हणाला. "आणि पेपरावर माझंही नाव आहे, कृत्तिका."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. पहिला पेपर मागे घ्यावा तर चूलघर म्हणणार, मागे घेतला म्हणजे पाणी मुरतंय. शिवाय फोटो एव्हाना कुठे कुठे जाऊन बसला होता, देव जाणे. ती रोज खुलाशाचं पान उघडायची आणि मिटायची. मागोवाने शोधलेल्या माणसांची आठवण काढायची. त्या आठवणीआड मुलाखतही दडलेली असायची, हे तिला माहीत होतं आणि त्याची तिला शरम वाटायची. काकूंच्या घरावरून जायचं टाळण्यासाठी ती किल्ल्याकडून वळसा घालून कामावर जाऊ लागली. काकूंचा एकदाही फोन आला नाही. त्या समजूतदार आहेत, असं कृत्तिका स्वतःशी म्हणायची.

शेवटी एका सकाळी तिचं मन पक्कं झालं. दोन जिल्ह्यांच्या कामाचं काय व्हायचं ते होवो, ते पुन्हा उभं करता येईल. शब्द मात्र तिने एका माणसाला दिला होता. तिने पान उघडलं आणि लिहिलं: फोटोतली व्यक्ती सुलोचना मगदूम नव्हे, ही आमच्या पद्धतीची चूक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच ती असं धडधडीत खोटं लिहीत होती, आणि लिहिल्यावर तिला आश्चर्य वाटावं इतकं हलकं वाटलं. पाठवण्याआधी पानाचा क्रमांक घालायचा होता. तो बघायला तिने 'काकूच्या हातचं' उघडलं.

लाल पट्टी नव्हती.

तिने पान पुन्हा उघडलं. पट्टी खरोखरच नव्हती. कंपनीला उपरती झाली असावी, असं वाटून तिचे डोळे भरून आले. मग तिला खालची बारीक ओळ दिसली. आजची हात तपासणी: जुळणी नाही. भाजल्याची जखम आढळली. जखम भरल्यावर पुन्हा दाखवा.

तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून सिस्टरने हाक मारली. मॅडम, तुमच्या मेसच्या काकू आल्यात.

अभिनंदन दाराशी उभा होता, पांढराफटक पडलेला. तेलाची कढई कलंडली म्हणत होता. कृत्तिकाने त्याला बाहेर बसवलं. काकूंचे हात समोर ठेवले होते, पालथे. तळहात धडधाकट होते, बोटांच्या टोकांना काही झालं नव्हतं. भाजल्या होत्या फक्त दोन्ही हातांच्या पाठी, मनगटापर्यंत, सारख्याच. सांडलेलं तेल असं बेतून जात नाही. कातडी वाचायचं तिचं शिक्षणच झालं होतं. कढई कलंडली नव्हती, हे तिने बघताक्षणी वाचलं.

"काकू, मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "आत्ताच लिहिलं होतं. पाठवणारच होते."

"असू दे." काकूंचा आवाज वेदनेने बारीक झाला होता. "तुझी नोकरी हाय, त्या गावच्या माणसांचं हाय. मला काय कळत न्हाई व्हय? आधी मशीनला दाखवले हात, मग अभिला हाक मारली. म्हणालं, जुळत न्हाई."

कृत्तिकाने जखमेवर सलाईनचं पाणी सोडलं तसे काकूंनी दातांवर दात आवळले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"लई लागलं गं या खेपेला," त्या म्हणाल्या. "तू बरे केलेस ना हात."

कृत्तिका ढसाढसा रडली असती, पण हातात निर्जंतुक चिमटा होता. विभागाचा नियम असा होता की पट्टी करण्याआधी जखमेचा फोटो काढायचा. तो तिनेच घालून दिला होता. सिस्टरने सवयीने हिरवं कापड अंथरलं आणि फोन उचलला. काकूंनी ते पाहिलं मात्र, भाजलेले हात तसेच पदराखाली ओढायला गेल्या आणि कळवळल्या. कृत्तिकाने सिस्टरच्या हातातून फोन काढून घेतला आणि खणात टाकला.

मग ती हळूहळू पट्टी बांधत राहिली. एकेका बोटामधून जाळी फिरवताना तिच्या मनात येत होतं की सगळं वाचलं. पेपर वाचला, मागोवा वाचलं, इम्रानचं नाव वाचलं. मुलाखतीलाही आता काही अडचण नव्हती. खुलाशाचं पान टेबलावर उघडंच होतं आणि ते कुणाला पाठवायची गरज उरली नव्हती. आपली स्वतःची इतकी घृणा तिला कधीच वाटली नव्हती.

"सुप्रियानं त्या बाईला नको म्हणून सांगितलं," काकू म्हणाल्या. "ती लाल पट्टी गेलेली बघितली तिनं. रडली बिचारी. म्हणाली, आई, मशीनच येडं होतं, मी उगं भ्याले." त्यांनी आपल्या पांढऱ्या गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं. "बाळ यायला अजून अवकाश हाय. तवर होतील की न्हाई बरे? तेल लावायला येईल न्हवं मला?"

इतकं खोल भाजलेलं कसं भरतं, हे कृत्तिका शिकली होती आणि तिने शिकवलंही होतं. कातडी आक्रसते, ताठ होते, बोटं मागे खेचली जातात. वर्षभर कुठल्याही स्पर्शाने आग होते. खरखरीत व्रणाचा हात नवजात बाळाच्या अंगाला कुणी लागू देत नाही, आणि तोपर्यंत बाळ नवजातही राहत नाही.

"येईल की, काकू," ती म्हणाली.

एवढं खोटं तिला लगेच बोलता आलं.